विरजण

क्लाक्सविकजवळच्या खाडीत, सामन माशांच्या गोल पिंजऱ्यांवर
एकशे बारा राखाडी डबे.
पाण्याचं तापमान मोजतात, प्राणवायू मोजतात,
किनाऱ्याशी बोलतात ते कुलूपबंद भाषेत.

मंगळवारी पहाटे वीज गेली.
चार वाजून सात मिनिटांनी आली.
सगळे डबे एकदमच जागे झाले
आणि प्रत्येकाने, आपल्या मते अगदी गुपचूप,
एक आकडा मनात धरला.

एकशे नऊ डब्यांनी तोच धरला.

उरलेल्या तिघांपैकी एकाची तार सैल होती,
एक जुना, उठायलाच आळशी,
आणि एकावर बहुधा एखादा समुद्रपक्षी येऊन आदळला असावा.
कसूर होती म्हणून ते वाचले.

रान्व्हा पडद्यावर किल्ल्यांची यादी खाली सरकवते.
तीच शेपटी. तीच शेपटी. तीच.
आधी हसू येतं, मग पोटात गोळा:
एक कुलूप फुटलं की अख्खी खाडी उघडी.

कर्नल, म्हणजे सैन्यातला नव्हे, यंत्राच्या पोटातला,
सगळ्यांना वेळ आणि जागा वाटून देणारा,
फार काटेकोर गृहस्थ.
दोन नि दोन चार, कालही चार, उद्याही चार.
त्याला म्हटलं, मनात एक आकडा धर,
तर मन आणणार कुठून?
म्हणून तो दाराशी ओंजळ धरून बसतो:
कळ कधी दाबली, तबकडी कुठे अडखळली,
निरोप नेमका कोणत्या क्षणी आला,
त्या क्षणाचं अगदी शेवटचं थरथरतं टोक
तेवढं टाका.
थेंबे थेंबे तळे साचे.

या डब्यांना कळा नाहीत. तबकडी नाही.
आणि दोन वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलंय:
तळं भरायची वाट बघू नका, सुरू व्हायला उशीर होतो.
खाली सही रान्व्हाचीच.

नौकेच्या सुकाणूवर हेयिन. सत्तरीचा, कानटोपीतला.
"आकडाच हवाय ना? मी सांगतो. सतरा."
"तुम्ही दर वेळी सतराच सांगता."
"मग? चांगला आहे."

तिने आता लाटांचा हेलकावा तळ्यात सोडलाय.
पण समुद्रसुद्धा ताल धरतो, त्याच्या भरवशावर किती राहायचं,
म्हणून दहा थेंब पडले की ती एक मोजते.
आणि रोज रात्री डबा तळ्यातलं चमचाभर
बाजूला काढून ठेवतो, उद्याच्या उठण्यासाठी.
तिच्या भाषेत याला काय म्हणतात, ठाऊक नाही.
मी विरजण म्हणेन.
फक्त हे शेजारून मागून आणायचं नाही,
एका भांड्यातलं एकशे बारा घरी वाटायचं नाही,
आणि उठल्या उठल्या, आकडा धरायच्याही आधी,
जुनं टाकून नवं लावायचं;
नाहीतर मधेच वीज गेली की
पुन्हा कालचीच सकाळ.

पूर्वी म्हणे लोक हिशेब ठेवत:
इतकं उपसलं, इतकं उरलं, थांबा.
एकदा काठोकाठ भरलं की
हे तळं उपसून आटत नाही,
हे पटायला माणसांना बरीच वर्षं लागली.

सदतिसावा डबा. ती वीज तोडते, जोडते.
दिवा लागत नाही.
चार सेकंद. नऊ. नौका डावीकडे कलते,
पिंजऱ्यात मासे एकाच दिशेने फिरताहेत.
"बिघडवलास?" हेयिन विचारतो.
"नाही. वाट बघतोय."
"कशाची?"
ती पाण्याकडे हात करते, मग वाऱ्याकडे,
मग हात खिशात घालते, कारण थंडी फार आहे.

एकोणीस सेकंदांनी हिरवा.

"कोणता धरला त्याने?"
"मलाही कळायची सोय नाही."
हेयिन सुकाणू वळवतो. पुढचा डबा अडतिसावा.
"सतराच असेल," तो म्हणतो.